हॅमिल्टनचा वारसा: वादात उतरण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

अलेक्झांडर हॅमिल्टन हा अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री. 11 सप्टेंबर 1789 ते 31 जानेवारी 1795, म्हणजे जेमतेम साडेपाच वर्षं तो त्या खुर्चीत होता. राष्ट्राध्यक्ष तो कधीच झाला नाही, तरी सव्वादोनशे वर्षांनंतरही त्याच्या नावाने भांडणं होतात. त्या भांडणांत हमखास निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. आकडे भारतीय पद्धतीने, लाख-कोटींत दिले आहेत.

वाद नेमका कशावर आहे?

एका नावाखाली चार वेगवेगळे वाद चालतात. पहिला पैशाचा: राष्ट्रीय कर्ज, बँक, कर. दुसरा घटनेचा: केंद्राला किती अधिकार असावेत. तिसरा लोकशाहीचा: सामान्य मतदारावर त्याचा विश्वास होता की नाही. चौथा गुलामगिरीचा. बहुतेक चर्चा फसतात, कारण एक जण 1790 च्या कर्जयोजनेबद्दल बोलत असतो आणि समोरचा 1800 च्या निवडणुकीबद्दल. म्हणून कोणी ‘हॅमिल्टन असा होता’ म्हणालं, की आधी विचारावं: कोणत्या सालचा?

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मराठीत ‘पत’ हा शब्द बाजारातही चालतो आणि घराण्याच्या अब्रूलाही. हॅमिल्टनचं सगळं राजकारण या एका शब्दात बसतं. त्याची बँक पुढे बंद पडली, त्याचा दारूवरचा कर रद्द झाला, त्याचा पक्ष संपला. टिकून राहिलं ते एवढंच, की सरकारने ठरल्या तारखेला ठरलेलं व्याज द्यायचं, मग सत्तेत कोणीही असो.

1790 मध्ये कर्ज किती होतं आणि त्याने त्याचं केलं काय?

जानेवारी 1790 मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सार्वजनिक पतीवरचा अहवाल दिला. त्यातली बेरीज अशी: फ्रान्स, हॉलंड वगैरेंचं परदेशी कर्ज सुमारे 1 कोटी 17 लाख डॉलर आणि देशातल्या लोकांचं सुमारे 4 कोटी 4 लाख. या 4 कोटींत 1 कोटी 30 लाख नुसतं थकलेलं व्याज होतं. हिशेब न लागलेली किरकोळ देणी धरून केंद्राचं कर्ज 5 कोटी 41 लाखांवर गेलं. तेरा राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली आपापली कर्जं त्याने अंदाजे अडीच कोटी धरली.

परदेशी कर्ज मूळ अटींवर पूर्ण फेडायचं, यावर फारसा वाद नव्हता. त्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये नवी कर्जं काढली. खरी कारागिरी देशी कर्जात होती. 4 ऑगस्ट 1790 च्या कायद्याने जुन्या कागदांच्या बदल्यात नवे रोखे दिले. मुद्दलाच्या दोन तृतीयांश भागावर लगेच 6 टक्के व्याज मिळायचं. उरलेल्या एक तृतीयांशावरही 6 टक्केच, पण ते 1801 पासून. थकलेल्या व्याजाचे 3 टक्क्यांचे वेगळे रोखे.

उदाहरण घेऊ. समजा एखाद्याकडे 900 डॉलर मुद्दलाचं जुनं प्रमाणपत्र आहे आणि त्यावर 300 डॉलर व्याज थकलं आहे. त्याला 600 चा सहा टक्क्यांचा रोखा, 300 चा लांबणीवरचा रोखा आणि 300 चा तीन टक्क्यांचा रोखा असे तीन कागद मिळतील. 1800 संपेपर्यंत वर्षाला 36 अधिक 9, म्हणजे 45 डॉलर. 1801 पासून आणखी 18, म्हणजे 63. एकूण 1,200 च्या येण्यावर पहिली दहा वर्षं हा परतावा 3.75 टक्केच पडतो. सरकारने मुद्दल पूर्ण मान्य केलं आणि व्याजात गपचूप सूट मिळवली. सावकाराने ती का मानली? कारण आधी त्याला काहीच मिळत नव्हतं आणि आता दर तिमाहीला रोख व्याज मिळणार होतं.

युद्धकाळातल्या कागदी चलनाचं नशीब मात्र वेगळं निघालं. त्या नोटांच्या 100 डॉलरमागे 1 डॉलर दिला गेला. ‘हॅमिल्टनने पै न् पै फेडली’ असं म्हणणाऱ्यांना ही ओळ जरूर दाखवावी.

सैनिकांना फसवून सट्टेबाजांचं भलं केलं, हे खरं का?

आरोप निराधार नाही. सैनिकांना पगाराऐवजी मिळालेली प्रमाणपत्रं गरजेपोटी पडत्या भावात विकली गेली होती. डॉलरमागे 20–25 सेंट, कधी त्याहूनही कमी. सरकार दर्शनी किमतीने रोखे देणार ही कुणकुण लागताच न्यूयॉर्कचे दलाल दक्षिणेकडच्या गावांत जाऊन कागद गोळा करू लागले.

व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन याने फेब्रुवारी 1790 मध्ये तोड सुचवली: आजच्या धारकाला बाजारातला सर्वात चढा भाव द्यायचा आणि उरलेली रक्कम मूळ मालकाला. ऐकायला न्याय्य वाटतं. प्रतिनिधीगृहात ती 36 विरुद्ध 13 अशी पडली. हॅमिल्टनची हरकत दोन पायांवर उभी होती. एक व्यवहाराचा: कागद चार-पाच हात फिरलेले, मूळ मालक शोधायचा कसा आणि मधल्यांचं काय? दुसरा तत्त्वाचा: रोखा विकत घेणाऱ्याचा हक्क सरकार मागाहून कापू शकतं असं एकदा दिसलं, की पुढे कोणी सरकारी रोखा पूर्ण भावाने घेणार नाही. दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. पण सैनिकांसाठी वेगळी छोटी भरपाई ठेवता आली असती, ती ठेवली नाही, आणि ती अढी लोकांच्या मनातून गेली नाही.

राज्यांची कर्जं केंद्राने का उचलली? ते जेवणाचं प्रकरण काय आहे?

हॅमिल्टनचा हिशेब राजकीय होता. रोखेधारकाला व्याज कोण देतं, त्याच्याकडे त्याचं लक्ष असतं. तेरा राज्यं आणि केंद्र एकाच जकातीवर आणि एकाच अबकारीवर हात टाकत राहिली तर कोणाचीच पत उरणार नव्हती.

मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात बुडालेली. कायद्यात दोघांच्या वाट्याला 40–40 लाखांची मर्यादा आली. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज आधीच फेडलं होतं, त्यामुळे ‘आम्ही नीट वागलो, आता दुसऱ्यांचंही आम्हीच भरायचं?’ हा तिथला सवाल. महाराष्ट्राच्या कराच्या पैशाचं काय होतं यावर चहाच्या टपरीवर वाद घातलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. 12 एप्रिल 1790 ला प्रस्ताव 31 विरुद्ध 29 मतांनी पडला.

मग जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेडन लेनवर परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी जेवण झालं. जेवायला हॅमिल्टन आणि मॅडिसन. सौदा असा सांगतात, की राज्यांच्या कर्जाला व्हर्जिनियाचा विरोध मवाळ व्हावा आणि बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी जावी. दोन्ही गोष्टी घडल्या हे नक्की: राजधानीच्या कायद्यावर 16 जुलैला सही झाली आणि व्हर्जिनियाच्या रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट यांनी मत फिरवलं. पण त्या जेवणाचं वर्णन एकट्या जेफरसनने करून ठेवलं आहे, तेही मागाहून, हॅमिल्टनशी बिनसल्यावर. मॅडिसनने तर शेवटपर्यंत विरोधातच मत दिलं. तेव्हा ‘एका जेवणात देशाचं भवितव्य ठरलं’ हे वाक्य जरा जपून वापरावं. कायद्यात राज्यांसाठी 2 कोटी 15 लाखांची मर्यादा होती. प्रत्यक्षात सुमारे 1 कोटी 83 लाखांचं कर्ज केंद्राकडे आलं.

‘राष्ट्रीय कर्ज हे वरदान आहे’ असं तोच म्हणाला ना?

अर्धं वाक्य. एप्रिल 1781 मध्ये तेव्हाच्या वित्त अधीक्षकाला, रॉबर्ट मॉरिसला, लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं, की कर्ज *प्रमाणाबाहेर नसेल* तर ते राष्ट्राला वरदान ठरेल. ती अट गाळली की वाक्य उलटं होतं. 1790 च्या अहवालात तर सार्वजनिक कर्ज म्हणजे सार्वजनिक लाभ हा सिद्धान्त आपल्याला मान्य नाही, त्यातून उधळपट्टीला निमंत्रण मिळतं, असं स्पष्ट लिहून त्याने पुढे जोडलं: कर्ज काढतानाच ते फेडण्याची सोय त्याला बांधलेली असावी. जाता जाता, जानेवारी 1795 मध्ये, त्याने कर्ज तीस वर्षांत संपवण्याचा आराखडाही दिला. आजच्या तुटीच्या अंदाजपत्रकांना त्याचं नाव जोडणारे आणि त्यावरून त्याला शिव्या देणारे, दोघेही हे पान वाचत नाहीत.

घटनेत बँकेचा उल्लेखच नाही. मग त्याने ती काढली कशी?

आजही न्यायालयात जिवंत असलेला वाद हाच.

आधी बँकेची रचना. भांडवल 1 कोटी डॉलर, 400 डॉलरचा एक असे 25,000 शेअर. पाचवा हिस्सा सरकारचा, उरलेले 80 लाख खासगी. खासगी भागधारकाने प्रत्येक शेअरमागे 100 डॉलर सोन्या-चांदीत आणि 300 डॉलर सरकारच्या नव्या सहा टक्के रोख्यांत भरायचे. यातली खुबी बघा: बँकेचा शेअर हवा असेल तर आधी सरकारी रोखा हवा. रोख्याला मागणी, मागणीने भाव, भावाने पत. सरकारने आपला 20 लाखांचा हिस्सा घेतला आणि तेवढंच कर्ज बँकेकडून दहा वार्षिक हप्त्यांच्या बोलीवर उचललं, म्हणजे खिशातून फारसं काही काढलं नाही. कुंपणंही होती. कर्जावर 6 टक्क्यांहून जास्त व्याज नाही, संचालक 25 आणि सगळे अमेरिकी नागरिक, एका भागधारकाला जास्तीत जास्त 30 मतं, परदेशी भागधारकाला मुखत्यारपत्राने मत नाही, आणि अर्थमंत्र्याला दर आठवड्याला ताळेबंद मागवायचा हक्क.

फेब्रुवारी 1791 मध्ये विधेयक राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या टेबलावर आलं. जेफरसन परराष्ट्रमंत्री, एडमंड रँडॉल्फ महान्यायवादी. दोघांनीही ते घटनाबाह्य ठरवलं. जेफरसनचा मुद्दा: घटनेतल्या ‘आवश्यक आणि उचित’ या कलमातलं ‘आवश्यक’ म्हणजे ज्यावाचून अधिकार चालूच शकत नाही असं; नुसतं सोयीचं असून भागत नाही. हॅमिल्टनने 23 फेब्रुवारीला भलंमोठं उत्तर दिलं. उद्देश घटनेने दिलेला असेल, साधन त्या उद्देशाशी उघडपणे जोडलेलं असेल आणि घटनेने ते मना केलेलं नसेल, तर ते वैध. ‘आवश्यक’ याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ उपयोगी, पूरक, साधक असाच असतो. वॉशिंग्टनने 25 तारखेला सही केली. 1819 मध्ये मॅकलॉक विरुद्ध मेरीलँड खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलने जवळजवळ हीच मांडणी देशाचा कायदा म्हणून उचलली.

विरोधकांचा सर्वात भक्कम सवाल इथे विचारावा: साधनाला जर ‘उपयोगी’ एवढीच अट असेल, तर केंद्राला अडवणारं काय उरतं? हॅमिल्टनची कसोटी दिसते तेवढी सैल नाही, पण ती वापरणारे नेहमी हॅमिल्टनएवढे काटेकोर नसतात.

1791–92 चा सट्टा त्याच्यामुळे झाला का?

लाकडं त्याने रचली, काडी दुसऱ्याने लावली. 4 जुलै 1791 ला बँकेच्या शेअरची विक्री खुली झाली. सुरुवातीला 25 डॉलर भरून हक्कपत्र मिळत होतं. तासाभरात मागणी पुरवठ्याच्या वर गेली आणि ऑगस्टमध्ये या 25 डॉलरच्या कागदाचा भाव 300 च्या पुढे पोचला. मग आपटला. पुढच्या वसंतात विल्यम ड्यूअर या सट्टेबाजाचा डाव कोसळला. 23 मार्च 1792 ला तो कर्जापायी तुरुंगात गेला. हा ड्यूअर काही काळ हॅमिल्टनच्याच खात्यात साहाय्यक सचिव होता, हे टीकाकार विसरत नाहीत आणि विसरूही नये.

हॅमिल्टनने त्यावर जे केलं ते आजच्या कोणत्याही मध्यवर्ती बँकेच्या माणसाला ओळखता येईल. कर्जफेड निधीतून बँक ऑफ न्यूयॉर्कमार्फत बाजारातले रोखे विकत घेतले. त्या बँकेला सुचवलं, की चांगल्या सरकारी रोख्यांच्या तारणावर व्यापाऱ्यांना कर्ज द्या, पण दर चढा ठेवा, 7 टक्के. तारण चांगलं आणि दर चढा, म्हणजे खरी अडचण असलेलाच दाराशी येतो. घबराट काही आठवड्यांत निवळली.

त्याच्या योजना कुठे कुठे फसल्या?

व्हिस्कीवरचा कर सर्वात ठळक. मार्च 1791 च्या कायद्यात ग्रामीण भट्टीला दोन पर्याय होते: तयार मालावर गॅलनला 9 सेंट, किंवा भट्टीच्या क्षमतेवर वर्षाला गॅलनमागे 60 सेंट. समजा 100 गॅलनची भट्टी, म्हणजे वर्षाला 60 डॉलर. दिवसरात्र चालवून 2,000 गॅलन काढणाऱ्याला हा कर गॅलनला 3 सेंट पडतो. सुगीनंतर थोडे दिवस चालवून 500 गॅलन काढणाऱ्याला 12 सेंट, म्हणजे त्याला 9 सेंटांचाच पर्याय उरतो. मोठ्याला सवलत आणि छोट्याला भुर्दंड. त्यात कर रोकडीत भरायचा, आणि पश्चिम पेनसिल्व्हेनियात रोकड इतकी दुर्मिळ, की व्हिस्कीच चलनासारखी फिरत असे. शिवाय खटल्यासाठी फिलाडेल्फियाला जायचं, डोंगर ओलांडून सुमारे 300 मैल. 1792 मध्ये दर थोडे उतरवले, 1794 मध्ये स्थानिक न्यायालयांची सोय केली, पण जुन्या कायद्याखालची समन्स तरीही बजावली गेली आणि जुलैत जॉन नेव्हिल या अधिकाऱ्याचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टनने सुमारे 13,000 सैनिक पाठवले, हॅमिल्टन सोबत गेला. लढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. देशद्रोहात दोघे दोषी ठरले, दोघांनाही माफी मिळाली. 1802 मध्ये जेफरसनच्या राजवटीत करच रद्द झाला.

टाकसाळीचं गणितही चुकलं, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. 1792 च्या कायद्याने सोनं-चांदीचं प्रमाण 1 ला 15 ठरलं. युरोपात ते साडेपंधराच्या आसपास होतं. अमेरिकेत एक औंस सोन्याला 15 औंस चांदी, तिकडे साडेपंधरा. मग सोनं देशात कशाला थांबेल? सोन्याची नाणी बाहेर गेली. 1834 मध्ये प्रमाण 16 च्या आसपास नेलं, तेव्हा चांदी जायला लागली.

तिसरी फसगत न्यू जर्सीतल्या पॅसॅइक नदीच्या धबधब्यापाशी. उद्योगांसाठी एक मंडळ 1791 मध्ये सनद घेऊन उभं राहिलं, गावाचं नाव पॅटरसन. मंडळाचा प्रमुख पुन्हा तोच ड्यूअर! तो बुडाला तेव्हा मंडळाचे पैसेही अडकले. कालव्याचा आराखडा करणाऱ्या पिएर लाँफाँचे बेत खर्चाच्या कितीतरी पुढे धावणारे. कुशल कारागीर मिळेनात. 1796 मध्ये कारखाना बंद. गंमत अशी, की मंडळ पाणी आणि जागा भाड्याने देत 1945 पर्यंत जगलं आणि पॅटरसन पुढे रेशीम आणि रेल्वे इंजिनांचं मोठं गाव झालं. कल्पना चांगली, पण पन्नास वर्षं लवकर आणि भलत्या माणसाच्या हाती दिलेली.

तो संरक्षणवादाचा जनक मानला जातो. मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध?

आधी दुरुस्ती. डिसेंबर 1791 च्या उद्योगविषयक अहवालात त्याचा कल चढ्या जकातीपेक्षा थेट अनुदानाकडे आहे. कारण सांगतो: जकातीने माल महागतो, अनुदानाने महागत नाही. शिवाय ही मदत नव्या उद्योगांपुरती असावी. जम बसलेल्या धंद्याला ती देत राहणं त्याला शंकास्पद वाटतं. मधली मेख अशी, की केंद्राचं बहुतांश उत्पन्न आयातीवरच्या जकातीतून यायचं आणि त्यातून व्याज भरायचं. जकात फार चढवली तर आयात आटेल आणि व्याज बुडेल. म्हणून त्याच्या काळातले दर बेताचेच राहिले. काँग्रेसने अनुदानं बाजूला ठेवली आणि जकातीच्या बहुतेक शिफारशी 1792 मध्ये उचलल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात हेन्री क्ले या पुढाऱ्याच्या पिढीने त्याचं नाव घेऊन उंच भिंती बांधल्या. याच अहवालात गिरण्यांमध्ये बायका आणि कोवळी मुलं कामाला लागतील हा फायदा म्हणून मोजला आहे, तेही लक्षात असू द्यावं.

आता संबंध. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक लिस्ट 1825 मध्ये पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिला आणि हॅमिल्टनच्या परंपरेतल्या तिथल्या वादांत मुरला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, त्यात इंग्रजी खुल्या व्यापाराचा सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू पडत नाही हे मांडताना लिस्टच्या विचारांचा आधार घेतला. बालवयातल्या उद्योगाला आधार द्यावा हा युक्तिवाद असा वळसा घेऊन मुळा-मुठेपर्यंत आला.

तो राजेशाहीवादी होता का?

18 जून 1787 ला घटना परिषदेत तो सुमारे सहा तास बोलला. राष्ट्रप्रमुख आणि सिनेटर सद्वर्तन असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म. राज्यांचे गव्हर्नर केंद्राने नेमायचे. कोणी उचलून धरलं नाही. विरोधकांना हे भाषण आयुष्यभर पुरलं. पण त्यानंतर त्याने मंजूर झालेल्या वेगळ्याच घटनेवर सही केली आणि तिच्या बाजूने लिहिलेल्या 85 निबंधांपैकी 51 लिहिले. त्यातला 78 वा, न्यायालयाने घटनाविरोधी कायदा रद्द ठरवण्याबद्दलचा, आजही वकिलांच्या हाताशी असतो. आम्ही त्याला राजेशाहीवादी म्हणणार नाही.

लोकशाहीवर मात्र त्याचा हात थरथरत होता. याचा पुरावा म्हणून 1787 पेक्षा 1800 जास्त बोलका आहे. न्यूयॉर्क विधिमंडळाची निवडणूक त्याचा पक्ष हरला, तेव्हा 7 मे 1800 ला त्याने गव्हर्नर जॉन जे यांना लिहिलं, की नवं विधिमंडळ बसण्याआधी जुनं बोलावून राष्ट्राध्यक्षाचे निर्वाचक निवडण्याचा नियम बदला, नाहीतर जेफरसन येईल. जे यांनी ते पत्र तसंच बाजूला ठेवून दिलं. पुढे जेफरसन आणि त्याच्याच पक्षातला एरन बर यांना प्रत्येकी 73 निर्वाचक मतं पडून निवड प्रतिनिधीगृहाकडे गेली, तेव्हा मात्र त्याने आपल्या पक्षाला जेफरसनच्या बाजूने वळवायचा प्रयत्न केला. त्याच्या मते बरला तत्त्वच नव्हतं. 17 फेब्रुवारी 1801 ला, 36 व्या फेरीत, जेफरसन निवडून आला.

गुलामगिरीबाबत तो खरोखर वेगळा होता का?

बोलण्यात वेगळा, व्यवहारात डागाळलेला. 1779 मध्ये सैन्यातल्या जॉन लॉरेन्स या मित्राच्या कृष्णवर्णीय पलटणींच्या योजनेला त्याने पाठिंबा दिला आणि जॉन जे यांना लिहिलं, की त्यांची बुद्धी बहुधा आपल्याइतकीच आहे. त्या काळच्या पुढाऱ्याच्या तोंडी हे वाक्य विरळा. न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेत तो 1785 पासून होता. पण तिच्या सभासदांनी आधी स्वतःचे गुलाम सोडावेत ही सूचना संस्थेने मानली नाही. गुलामांना तीन पंचमांश मोजण्याच्या तडजोडीचं त्याने 1788 मध्ये समर्थन केलं.

आणि त्याच्या वह्या आहेत. सासरच्या शुयलर घराण्यासाठी आणि मेहुण्यांसाठी गुलामांच्या व्यवहारांत त्याने पैसे हाताळल्याच्या नोंदी त्यात आहेत. 1796 च्या एका नोंदीत दोन कृष्णवर्णीय नोकर ‘माझ्यासाठी’ विकत घेतल्याचे 250 डॉलर लिहिले आहेत. हे ‘माझ्यासाठी’ म्हणजे स्वतःसाठी की नातलगांच्या वतीने, यावर अभ्यासकांत झगडा आहे. अल्बनीच्या शुयलर वाड्यातून 2020 मध्ये आलेल्या निबंधाने तो स्वतः गुलाममालक होता अशी बाजू मांडली. ‘निर्मूलनवादी’ हा शब्द त्याला लावणं आम्हाला पटत नाही.

2015 च्या ‘हॅमिल्टन’ या अमेरिकी संगीत नाटकातला हॅमिल्टन कितपत खरा?

गाणी फक्कड, स्थलांतरितांचा नायक मात्र अर्धाच खरा. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला, सेंट क्रॉइक्सवर व्यापाऱ्याकडे कारकुनी केलेला पोरका मुलगा न्यूयॉर्कला आला, एवढं खरं. पण 1801–02 मध्ये जेफरसनने नागरिकत्वाच्या अटी सैल करायचं सुचवलं, तेव्हा त्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहिणारा हाच. नाटकाचा परिणाम मात्र खिशापर्यंत गेला: दहा डॉलरच्या नोटेवरून त्याचं चित्र हलवायची घोषणा 2015 मध्ये झाली होती, ती 2016 मध्ये फिरवली गेली.

युरोपचा ‘हॅमिल्टन क्षण’ म्हणजे काय?

2020 मध्ये कोविडनंतर युरोपीय संघाने 750 अब्ज युरोंचा निधी सामाईक कर्जातून उभा करायचं ठरवलं. तेव्हा जर्मनीचे अर्थमंत्री ओलाफ शोल्झ यांनी हॅमिल्टनची आठवण काढली. तुलना अर्धवट आहे. हॅमिल्टनने राज्यांची *जुनी* कर्जं उचलली आणि ती फेडायला जकात केंद्राच्या हाती होती. युरोपने इटलीचं वा ग्रीसचं जुनं कर्ज उचललं नाही.

शेवटी जेफरसन जिंकला की हॅमिल्टन?

निवडणुका जेफरसन जिंकला. त्याचा अर्थमंत्री ॲल्बर्ट गॅलटिन याने 1801 मधलं सुमारे 8 कोटी 30 लाखांचं कर्ज 1812 पर्यंत साडेचार कोटींवर आणलं, पण रोखे, बँक, तिमाही व्याज यांपैकी काहीही मोडलं नाही. 1803 मध्ये नेपोलियन लुइझियाना विकायला निघाला, किंमत दीड कोटी डॉलर. तिजोरीत तेवढी रोकड नव्हती. 1 कोटी 12 लाख 50 हजार डॉलर सहा टक्क्यांच्या रोख्यांत दिले आणि लंडनची बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमची होप या पेढ्यांनी ते घेतले. 1780 च्या दशकात याच सरकारचा कागद डॉलरला वीस सेंटांत विकला जात होता.

बँकेचंही तेच. 1811 मध्ये सनद वाढवायचा प्रस्ताव सिनेटमध्ये 17–17 अडकला आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या मताने पडला. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध झालं, 1814 मध्ये बहुतेक बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणं थांबवलं, आणि 1816 मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही केली ती राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने. 1791 मध्ये पहिलीला विरोध करणारा तोच.

त्याच्या नावावरची अवतरणं कशी तपासायची?

अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या मोफत संग्रहात त्याची पत्रं आणि अहवाल तारखेनिशी शोधता येतात. वाक्यातले दोन-तीन वेगळे शब्द टाका, सापडलं तर मागचा-पुढचा परिच्छेद वाचा, नाही सापडलं तर मागाहून कोणी सांगितलेली आठवण आहे का ते बघा. ‘जनता म्हणजे एक मोठं श्वापद’ हे त्याचं सर्वात गाजलेलं वाक्य. ते त्याच्या कोणत्याही लेखनात नाही; कोणीतरी ऐकलेलं कोणीतरी सांगितलं, असं ते बऱ्याच उशिरा छापून आलं. वादात समोरच्याने ते फेकलं, तर शांतपणे तारीख विचारा.